आठशे अडतीस स्फोटांचा प्रबंध

मी एक प्रबंध बोलतोय. काळ्या रेग्झिनची बांधणी, पाठीवर सोनेरी अक्षरं, दोनशे अकरा पानं. पुठ्ठ्याच्या एका कोपऱ्यावरचं सोनेरी उडून तिथं लालसर डाग पडलाय, कारण तिथं दोन वर्षं रोज कुंकवाचं बोट लागत होतं. प्रबंधाला कुंकू कोण लावतं, असं तुम्हाला वाटेल. तेच सांगायला बसलोय.

माझं नाव इंग्रजीत आहे आणि लांबलचक आहे. मराठीत सांगायचं तर ‘गॅमा किरणांच्या स्फोटांतून येणाऱ्या उच्च ऊर्जेच्या न्यूट्रिनोंचा शोध’. नावात ‘शोध’ आला की लोक हटकून विचारतात, “मग काय सापडलं?” या एका प्रश्नापायी माझ्या घरात दोन माणसं दोन वर्षं एकमेकांशी धड बोलली नाहीत.

मला लिहिलं मनीषानं. ती बऱ्हाणपूरची, लोधीपुऱ्यातली. वडील सुकलाल तहसील कचेरीतून निवृत्त झालेले, आई मालूबाई देडतलाईच्या शेतकरी घरातल्या. एकुलती एक लेक. शेजारच्या भिंतीला पॉवरलूम, दिवसभर खटखट. हिनं बारावीपर्यंतचा अभ्यास त्या आवाजातच केला. पुढं पुण्याच्या एका संस्थेत संशोधनाला गेली, तेव्हा सुरुवातीला तिथल्या शांततेत तिचं मनच लागेना.

तेव्हा मला पानं नव्हती. मी तिच्या लॅपटॉपमधली एक रिकामी फाईल होतो. वर फक्त नाव, खाली पांढरं. तिथूनच मी तिचं सगळं ऐकत वाढलो.

रविवारी सकाळी ती घरी फोन करायची. मालूबाई विचारायच्या, “तू करू काय राहिली तिकडे, एकडाव नीट सांग ना मले.”

मग ही सांगायची. “आई, खूप खूप लांब एखादा अवाढव्य तारा स्वतःच्याच भारानं कोसळतो. त्यातून काही सेकंद असा झोत बाहेर पडतो, की तेवढ्या वेळात आपला सूर्य जन्मभरात देईल तेवढी ऊर्जा निघते. त्याला गॅमा किरणांचा स्फोट म्हणतात. त्या झोतातून न्यूट्रिनो नावाचे कणही निघत असावेत, असं गणित सांगतं. ते मला शोधायचेत.”

“दिसतात का ते?”

“नाही ना. भिंतीतून, डोंगरातून, तुझ्यामाझ्यातून आरपार जातात. कुणाला लागत नाहीत, कुणासाठी थांबत नाहीत. दक्षिण ध्रुवावर बर्फात खोलवर काचेचे हजारो गोळे पुरून ठेवलेत. करोडोंतला एखादा कण बर्फात धडकला, तर बारीकसा निळा उजेड पडतो. तो ते गोळे टिपतात.”

मालूबाई म्हणाल्या, “कोनाले लागत नाही, मंग बिचारा एकटाच फिरत असंन.”

मनीषानं ते वाक्य माझ्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं होतं. बांधणीच्या आधी तिनं ते काढून टाकलं. माझ्यातून काढलेल्या वाक्यांपैकी मला आठवतं ते तेवढंच.

काम मोठं कंटाळवाणं होतं. उपग्रहांनी टिपलेले आठशे अडतीस स्फोट तिनं यादीत घेतले. प्रत्येक स्फोटासाठी बघायचं, की त्याच वेळी, आकाशाच्या त्याच बाजूनं बर्फात एखादा कण आला का? वेळ जुळली तर दिशा जुळायची नाही. दिशा जुळली तर तो कण तीन महिने आधीच येऊन गेलेला असायचा. एक स्फोट तपासून झाला की पुढचा. बरोबरच्या मुली नोकऱ्यांना लागल्या, खोलीतली मैत्रीण लग्न होऊन गेली. हिच्या टेबलाशेजारची खुर्ची रिकामी झाली आणि पुढं त्या खुर्चीवर कागदांचे गठ्ठे आले. दिवस दिवस तिच्या तोंडून शब्द निघायचा तो चहावाल्याशी.

पाचव्या वर्षी मालूबाईंना कॅन्सर निघाला. मनीषा यायला निघाली, पण त्यांनीच अडवलं. “तुझं होऊ दे. मी काय पयून चालली का?”

आणि त्याच दिवसांत चारशे बाराव्या स्फोटापाशी तिचा हात थबकला. स्फोटानंतर एकतीस सेकंदांनी बर्फात एक कण आला होता. दिशा जवळजवळ तीच. तिनं गणित तीनदा तपासलं. मार्गदर्शक बाईंना दाखवलं. त्या म्हणाल्या, “अजून तपासण्या व्हायच्यात. कुणाशी बोलू नकोस.”

ती कुणाशीच बोलली नाही. फक्त घरी फोन केला.

“बाबा, एक सापडला.”

सुकलाल बोलले, पण तिच्याशी नाही. ते आत मालूबाईंना ओरडून सांगत होते.

त्या संध्याकाळी त्यांनी मावा जिलेबी आणली आणि गल्लीत घरोघर वाटली. मालूबाईंना अन्न जात नव्हतं. त्यांनी वाटाण्याएवढा तुकडा जिभेवर ठेवला आणि म्हणाल्या, “गोड हाय.” हे सुकलालनी दुसऱ्या दिवशी फोनवर सांगितलं.

एकोणिसाव्या दिवशी तो कण गेला.

बर्फात एका खोलीवर जुन्या धुळीचा थर असतो. त्यातून जाताना उजेड विखुरतो. धुळीचा हिशेब नव्यानं करून बघितला, तर कणाची दिशा नऊ अंशांनी सरकली. आकाशात नऊ अंश म्हणजे फार लांब. कण खरा होता, पण तो त्या स्फोटातून आलेलाच नव्हता. कुठून आला होता, कुणालाच माहीत नाही.

मनीषा त्या दिवशी तासभर नुसती पडद्याकडे बघत बसली. फोन दोनदा हातात घेतला आणि खाली ठेवला. संध्याकाळी तोच फोन वाजला. सुकलाल म्हणाले, “ये आता. उशीर नको करू.”

ती घरी आली तेव्हा मालूबाई पुढच्या खोलीत खाटेवर होत्या. बघायला येणाऱ्या प्रत्येक बाईला त्या क्षीण आवाजात सांगत होत्या, “माह्या मनीनं आभायातला कन पकडला. कोनालेच सापडत नव्हता.” बाया मनीषाकडे कौतुकानं बघायच्या. ती आईच्या पायांवरची चादर सारखी करत राहायची.

मी तिच्या पिशवीत होतो, लॅपटॉपमध्ये. त्यात तिनं आदल्याच दिवशी त्या कणावर आडवी रेघ मारली होती.

तिला सांगायचं होतं. चार दिवस ती खाटेशेजारी बसली आणि चारही दिवस शब्द तोंडापर्यंत आणून गिळले. पाचव्या दिवशी दुपारी मालूबाई गेल्या. तापीवर राजघाटाला सगळं झालं. त्यानंतर वडिलांना सांगणंही राहून गेलं. ते आल्यागेल्याला म्हणायचे, “समाधानानं गेली. लेकीचं झालेलं पाहून गेली.” ते समाधान त्यांच्याकडून काढून घ्यायची हिंमत तिच्यात नव्हती.

पुढं वर्षभरानं मी पुरा झालो. एकशे सत्तेचाळिसाव्या पानावर दोन परिच्छेदांत त्या कणाची हकीकत आहे. तो कसा आला, कसा वाटला आणि का सोडून द्यावा लागला. शेवटच्या प्रकरणात निष्कर्ष आहे: आठशे अडतीस स्फोट तपासले, एकाशीही खात्रीनं जोडता येईल असा न्यूट्रिनो मिळाला नाही. एका परीक्षकानं तोंडी परीक्षेत म्हटलं, काम फार चोख आहे. आता सिद्धांत मांडणाऱ्यांना आपली गणितं बदलावी लागतील, हे स्फोट आपल्याला वाटत होतं तसे नाहीत. मनीषा “थँक यू सर” म्हणाली. ती हसली नाही.

माझ्या पाच प्रती बांधल्या. चार गेल्या संस्थेकडे आणि परीक्षकांकडे. मी पाचवा, कपड्यांच्या तळाशी बसून बऱ्हाणपूरला आलो.

तिनं मला पलंगाखाली सारलं होतं. सुकलालनीच शोधून काढलं. दोन्ही हातांनी धरलं, धोतराच्या सोग्यानं पुसलं आणि पुढच्या खोलीच्या शोकेसमध्ये मालूबाईंच्या फोटोशेजारी उभं केलं. रोज सकाळी अंघोळ झाली की फोटोला कुंकू लागायचं आणि त्याच बोटानं मलाही.

कुणी आलं की ते काचेकडे बोट दाखवायचे. “हे पुस्तक. याच्यातच हाय तो कन. तिनं पकडलेला.”

दोन वर्षं मी त्या काचेआड होतो. एका बाजूला मालूबाई, दुसऱ्या बाजूला प्लॅस्टिकचे गुलाब. रोज पूजा व्हायची, पण कुणी उघडलं नाही. पानं उघडलीच नाहीत तर ती एकमेकींना चिकटतात आणि आत कोंदट वास साचतो. देवाचंही असंच होत असेल का, असं कधीकधी माझ्या मनात यायचं.

मनीषा तिथंच एका कॉलेजात शिकवायला लागली होती. सकाळी जायची, पाचला यायची. येताना शोकेसकडे बघायची नाही. तिच्या मार्गदर्शक बाईंची पत्रं यायची, पुढच्या संशोधनासाठी अर्ज कर म्हणून. ती उत्तर द्यायची नाही. जेवताना बापलेक टीव्ही लावून बसायचे. “भाजी घे.” “घेतली.” एवढंच. सुकलालना वाटायचं, आई गेल्याचं दुःख आहे, आपण बोलून उकरायला नको. तिला वाटायचं, बोललं की ते एकच बोलावं लागेल.

मग एक दिवस प्रशांत आला. गल्लीतल्या मंडळाचा अध्यक्ष, फ्लेक्स छापायचं त्याचं दुकान. “काका, ताईचा सत्कार ठेवलाय. शहर का नाम रोशन केलंय तिनं, अन् आपण साधा हार नाही घातला? मैंने तो बॅनर भी बना दिया.” मोबाईलवर त्यानं दाखवलं. मनीषाचा जुना फोटो, मागे तारे, आणि खाली ‘जगातील पहिला गॅमा-स्फोट न्यूट्रिनो शोधणाऱ्या बऱ्हाणपूरकन्या’.

मनीषा कॉलेजात होती. सुकलालनी हो म्हटलं.

त्यांनाही दोन शब्द बोलायचे होते. प्रशांत म्हणाला, “काका, त्या कणाबद्दल थोडं सांगा, लोकांना आवडतं.” म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारी, घर रिकामं असताना, शोकेसची काच सरकली. पूजेखेरीज पहिल्यांदाच कुणाचा हात माझ्याकडे आला.

सुकलाल जुने मॅट्रिक. इंग्रजी अक्षर वाचता येतं, आकडे पक्के. शेजारी मनीषाचा शाळेतला शब्दकोश घेऊन बसले. पहिली पानं त्यांना काही लागेनात. ओळीवर बोट ठेवायचे, ओठ हलायचे, पुढचं पान. असं करत करत ते मागच्या तक्त्यापाशी पोचले, आणि तिथं त्यांचा चेहरा बदलला. तक्ता म्हटल्यावर ते घरच्यासारखे झाले. आठशे अडतीस ओळी. अनुक्रमांक, तारीख, वेळ, दिशा. आणि शेवटचा रकाना.

ते त्या रकान्यावरून बोट खाली नेत गेले. शून्य. शून्य. शून्य. पान उलटलं. शून्य. शून्य. सगळी पानं संपली.

चारशे बाराव्या ओळीत शून्याशेजारी एक चांदणी होती आणि खाली बारीक अक्षरात पानाचा आकडा. त्यांनी एकशे सत्तेचाळिसावं पान काढलं. शब्दकोशातून एकेक शब्द लावत तीन दुपारी घालवल्या. ‘विथड्रॉन’ या शब्दाचा अर्थ त्यांनी दोनदा बघितला. मागे घेतलेला. मग परिच्छेदातली तारीख पाहिली आणि शोकेसमधल्या मालूबाईंच्या फोटोखालची तारीख पाहिली.

त्या दिवशी मनीषा पाचला आली, तेव्हा मी टेबलावर उघडा पडलेलो होतो. ती दारातच थांबली.

“बाबा, काय करताय?”

“बस.” त्यांनी खुर्ची पुढं केली. “आई गेली त्याच्या आधीच तुले माहीत होतं?”

तिनं हो म्हणून मान हलवली.

“किती दिवस आधी?”

“पाच.”

“अन् मले काऊन नाही सांगितलं?”

“तुम्ही जिलेबी वाटली होती, बाबा.” ती म्हणाली. “आई सगळ्यांना सांगत होती. मी कशी सांगू, की मला काहीच सापडलं नाही? सहा वर्षं केली आणि शून्य आलं?”

सुकलालनी तक्त्याच्या ओळींवरून बोट फिरवलं. मग त्यांनी विचारलं, “हे सारे तू पाह्यले?”

“एकूण एक.”

“एखादा न पाहता शून्य मांडलं असंन?”

“नाही!”

“मंग आईक. मी नोकरीले लागलो तवा लांबच्या एका कचेरीत होतो. आवारात पाऊस मोजायचं भांडं होतं. रोज सकायी साडेआठले झाकन उघडायचं, मोजायचं, रजिस्टरात मांडायचं. एका वर्सी ऐन पावसायात सव्वीस दिवस थेंब नाही. साहेब म्हने, सुकलाल, ये सब जीरो जीरो अच्छा नहीं दिखता, दो-चार डाल दो. मी नाही टाकलं. रोज जाऊन आत पाह्यलं अन् शून्य मांडलं. त्यात एक दिवस मी तापानं पडलो, जानं झालं नाही. तो रकाना मी कोरा ठेवला.” त्यांनी तक्त्यावर बोट टेकवलं. “शून्य म्हंजे पाह्यलं, अन् नव्हतं. कोरं म्हंजे कोनी पाह्यलंच नाही. तुह्या तक्त्यात एकबी रकाना कोरा नाही.”

मनीषा रडायला लागली. तक्त्याच्या तीन-चार ओळींवर थेंब पडले, ते डाग अजून आहेत.

“तुम्ही रागावला नाहीत?”

“रागावलो ना. मले तीन वर्सं यडं केलं त्याच्यावर रागावलो.” मग ते खाली बघून म्हणाले, “तिले सांगायचं राह्यलं, ते आता कसं करशील?”

याचं उत्तर माझ्या दोनशे अकरा पानांत कुठंच नाही.

सत्कार रद्द करा, असं तिनं प्रशांतला सांगून पाहिलं. तो म्हणाला, “अब कैसे, ताई? मंडप पडलाय.” मग ती गेली. सुकलालनी मला काखेत घेतलं होतं. शाल, नारळ, हार झाला. दोन भाषणं झाली, दोन्हींत पहिला कण होता. मग मनीषा उठली. माईक जरा खाली केला.

“बॅनरवर लिहिलंय ते खरं नाही,” ती म्हणाली. “मला कण सापडला नाही. मी आठशे अडतीस ठिकाणी बघितलं, कुठंच नव्हता. एक सापडला असं वाटलं होतं, ते चुकीचं निघालं. माझ्या आईला मी ते सांगितलं नाही. तुम्हाला सांगतेय.”

मंडपात कुजबुज झाली. पुढच्या रांगेतल्या दोन बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. कुणीतरी मागून म्हणालं, “फिर सत्कार किस बात का?” प्रशांतनं घाईनं माईक घेऊन चहा-नाश्त्याची घोषणा केली. नंतर तो मनीषाला म्हणाला, “ताई, इतकं डिटेलमध्ये बोलायची काय जरूरत होती? लोक कन्फ्यूज झाले ना.”

पोह्यांच्या प्लेटा हातात घेऊन लोक केळीच्या भावाचं बोलू लागले. मनीषाशी बोलायला कुणी आलं नाही. बापलेक चालत घरी आले. वाटेत सुकलाल तिच्या बाजूनं चालत होते, नेहमीसारखे पुढं नाही.

गल्लीच्या तोंडावरचा बॅनर कुणी काढला नाही. आठवडाभर वाट बघून सुकलालनी घरातलं स्टूल नेलं, अडुसष्टाव्या वर्षी त्यावर चढले आणि दोऱ्या कापल्या. गुंडाळी करून प्रशांतच्या दुकानात ठेवून आले.

त्यानंतर मनीषानं मार्गदर्शक बाईंच्या पत्राला उत्तर दिलं. जर्मनीतल्या एका गटात तिला काम मिळालं. बर्फात आणखी गोळे पुरायचे होते, आणखी फिके उजेड टिपायचे होते. पण जायचा दिवस जवळ आला तशी ती घुटमळायला लागली. सुकलाल जेवता जेवता म्हणाले, “नवे गोये टाकू राहिले म्हनते?”

“हो.”

“मंग मोजाले मानूस लागंन.” आणि त्यांनी टीव्ही बंद केला.

ती गेली त्याला आता आठ महिने झाले. जाताना तिनं मला पिशवीत घातलं होतं, स्टेशनला निघताना काढून टेबलावर ठेवलं. “हा तुमच्याकडे राहू द्या, बाबा.”

आता मी शोकेसमध्ये नाही. खिडकीजवळच्या टेबलावर असतो. कुंकू लागत नाही. रोज दुपारी जेवण झालं की सुकलाल मला उघडतात, यावेळी पहिल्या पानापासून. रोज पाच-सहा ओळी. पेन्सिलीनं कडेला मराठी अर्थ लिहितात, बरेच चुकलेले. अडलं की मोबाईलवर मनीषाला विचारतात. कधी ती उचलते आणि बापलेक तासभर बोलतात, ताऱ्यांचं, झोताचं. कधी ती कामात असते. मग ते प्रश्न कागदावर लिहून माझ्यात ठेवतात. अशा चिठ्ठ्या साठून माझी पाठ जरा फुगलीय.

घर दुपारी फार शांत असतं. एकटा माणूस वाचताना मोठ्यानं वाचतो, हे मला इथं कळलं. त्यांचे उच्चार वेडेवाकडे आहेत. माझ्यातले शब्द असे कुणी म्हणेल असं मनीषालाही वाटलं नसेल. पण लिहिल्यापासून मला पहिल्यांदाच आवाज मिळालाय.

माझ्या प्रती मोठ्या संस्थांच्या कपाटांत आहेत, तुम्ही तिथं कशाला जाल? तसं मागणंही नाही माझं. पण तुमच्या घरातही कुणीतरी वर्षानुवर्षं मान खाली घालून काही करत असेल. त्यातलं तुम्हाला काही कळत नसेल, आणि तुम्ही त्याला नुसता नमस्कार करत असाल, नाहीतर नुसतं ‘काय सापडलं’ विचारत असाल. एकदा शेजारी बसा आणि म्हणा, दाखव. समोर माणूस आहे तोवर म्हणा.

ताट धुतल्याचा आवाज आला. सुकलाल हात पुसत येताहेत. काल ते बासष्टाव्या पानावर थांबले होते, धुळीच्या प्रकरणाच्या तोंडाशी. तो भाग अवघड आहे, मनीषालाही तो लिहायला चार महिने लागले होते. त्यांनी चष्मा लावला, पेन्सिलीचं टोक बघितलं, खुर्ची उजेडाकडे सरकवली.

बोलणं पुरे करतो. आता मला वाचायचंय त्यांना.